भाग जातो, अर्ज जात नाही

वडिलांच्या नावावरचा मीटर माझ्या नावावर करायचा, एवढंच काम. म्हापशातल्या एका कचेरीत (नाव नको, परत तिथेच जायचंय) चौथी खेप, ती पण शुक्रवारी, म्हणजे बाजारामुळे पार्किंगची बोंब आणि वरून पाऊस. पावतीवर अर्ज क्रमांक ५१०५१०. काउंटरवरच्या बाईंनी पावती न बघताच सांगितलं, "सर्वर ना, बसात."

बसलो. शेजारी एक रिटायर्ड गणिताचे मास्तर, पेडण्याचे. त्यांनी पावतीत डोकावून पाहिलं आणि एकदम खूश! "अरे, हा नंबर तुला फुकट मिळाला?" म्हटलं नाही, फी भरलीय. तर ते ऐकायलाच तयार नाहीत, माझं पेन घेतलं आणि सुरू. ५१० लागोपाठ दोनदा लिहिलं म्हणजे ५१० गुणिले १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. कुठलाही तीन अंकी आकडा असा जोडून लिही, या तिघांनी भाग जाणारच. वर ५१० चे २, ३, ५ आणि १७. म्हणजे पहिल्या सातही मूळ संख्या माझ्या पावतीवर हजर, आणि या सातांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या हीच! एवढा मान आमच्या घराण्यात कोणाला मिळाला नव्हता.

"विभाजक किती सांग." मी आपलं वीसेक म्हटलं. "एकशे अठ्ठावीस! ताटात सात पदार्थ, सुंगटाचं हुमण, तळलेला बांगडा, किसमूर, सोलकढी, काय ते, प्रत्येक एक तर घे नाहीतर सोड, किती तऱ्हेची ताटं होतील? तशाच तुझ्या सात मूळ संख्या, घेतलेल्यांचा गुणाकार म्हणजे एक विभाजक. दोनाचा सातवा घात." यात काहीच न घेतलेलं ताट पण धरायचं म्हणे, तो १. साडेबारा वाजलेले, माझं ताट तेच होतं.

तेवढ्यात माझ्या मागच्याचा नंबर पुकारला, ५१०५११. मी उठून भांडणारच होतो पण मास्तरांनी हात धरून बसवलं, "तो बघ, याला तुझ्या सातांपैकी एकानेही भाग जात नाही, दर वेळी १ उरतो, युक्लिडची युक्ती! पण म्हणून मूळ संख्या समजू नकोस हां, १९ × ९७ × २७७." आता हे त्यांना पाठ कसं ते देव बोडगेश्वराला ठाऊक. तो माणूस मात्र तीन मिनिटांत शिक्का घेऊन बाहेर. मला जगातल्या कशानेही भाग जातो, अर्ज तेवढा जात नाही.

एक वाजायला पाच मिनिटं असताना माझा नंबर लागला. बाईंनी पावती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, मास्तरांचे गुणाकार, १७ भोवतीचं गोल, कोपऱ्यात काढलेला बांगडा, सगळं नीट बघितलं.

"हाचेर बरयलां कोणें? ही चलना. नवो अर्ज करात."

मास्तर मागून हळूच म्हणाले, "नवा नंबर मिळाला की दाखव हां."