रात्री दीडची सुशीला

परवा रात्री दीडला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मला वाटलं मांजर, म्हणून लाटणं घेऊन गेले तर आमचं अकरावीतलं लेकरू फ्रीजच्या उजेडात उभं, एका हातात थंडगार भाकरी अन् दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी बरणी. मला बघून अजिबात न दचकता म्हणतो, "मम्मी, सुशीला करतीस का थोडी?"

(सुशीला म्हणजे आमच्याकडं भिजवलेल्या मुरमुऱ्याला फोडणी देऊन, वरून डाळव्याचं कूट घालून करतात तो नाश्ता. पुण्यामुंबईवाल्यांनी भुवया खाली घ्याव्या.)

आता हेच साहेब रात्री नऊला गरम भाकरी अन् येसर आमटी समोर ठेवली की "भूक नाही" म्हणतात. सकाळी काही खा म्हणलं की "मळमळायलंय". आम्ही लातूरचे, इथं आधी पोरं क्लासला जातात, मग सूर्य उगवतो. त्यामुळं सहाला रिक्षा दारात, पोरगं अर्धं झोपेत अन् धपाटे डब्यात, ते संध्याकाळी तसेच परत येतात, फक्त जरा जास्त प्रवास केलेले.

बरं, त्याच्याकडं शास्त्र पण आहे. म्हणे या वयात झोप आणणारं मेलाटोनिनच उशिरा सुटतं, माझा काय दोष! म्हणे आम्हाला ८ ते १० तास झोप पाहिजे, अन् अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ लाच सांगितलंय की मोठ्या पोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्या सरकारनं पण २०२४ ला शाळा नऊच्या आधी नको म्हणलं, पण ते चौथीपर्यंतच. "म्हणजे मी चौथीतच थांबायला पाहिजे होतं." मोबाईलच्या उजेडानं तेच मेलाटोनिन अजून लांबतं, एवढं एक वाक्य मात्र त्याच्या वाचनातून नेमकं सुटलंय.

खरा घोळ सासूबाईंचा. त्या पहाटे साडेचारला उठतात. परीक्षेच्या दिवसात एकदा हा झोपायला चालला होता अन् त्या चूळ भरायला, दोघांची बोळीत गाठ पडली. "शहाणं गं माझं लेकरू, पहाटं उठून अभ्यास करायलंय!" म्हणत त्यांनी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. त्यानं मान डोलावली, लाडू खाल्ला अन् जाऊन झोपला. मला तेव्हापासून ऐकायला मिळतंय की लेकराचा कष्टाळूपणा आजीवर गेलाय.

मी कडक व्हायचं ठरवलं होतं, अकरानंतर स्वयंपाकघराला कडी. पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी सुटलं रात्री दोनला. गल्ली घोरतीय, मोटार लावून टाकी, ड्रम, हंडे, सगळं भरलं कोणी तर या घुबडानं. आता शेजारच्या काकू संध्याकाळीच येऊन सांगून जातात, "पाणी आलं की आम्हाला पण उठवायला सांग बरं त्याला, लई गुणाचं पोरगं."

काल पाण्याचा वार होता. मी झोपताना मुरमुऱ्याचा डबा खालच्या फळीवर ठेवला अन् कांदा-मिरची चिरून झाकून ठेवली, कोणाला न सांगता. सकाळी बघते तर टाकी काठोकाठ, कढई सिंकमध्ये, ओट्यावर डाळव्याच्या कुटाचा सडा, सासूबाई वाटीतली उरलेली सुशीला खात बसलेल्या, अन् बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारायलाय.