गच्चीवर पाडलेला उजेड

कोथरूडात चौथ्या मजल्यावर घर घेतलं ते केवळ त्याला लागून असलेल्या गच्चीपोटी. बिल्डरच्या चित्रात त्या गच्चीवर एक जोडपं सरबताचे ग्लास घेऊन मावळत्या सूर्याकडे बघत बसलं होतं. चित्रात डास काढायचे तेवढे राहून गेले होते. प्रत्यक्षात सूर्य कलला की आम्ही दोघं सरबत तिथेच टाकून टाळ्या वाजवत आत पळायचो. समोरच्या इमारतीतल्या आजींना बरेच दिवस वाटत होतं, आमच्याकडे रोज आरती असते.

कॉइल लावली तर डासांच्या आधी मीच खोकत आत यायचो. शेवटी बायकोने तोडगा काढला. "अहो, दिव्यांनी डास जातात म्हणे. आणि गच्चीही छान दिसेल." एका खर्चात दोन कामं म्हटल्यावर माझ्यातला पुणेकर विरघळला.

आठवड्याभरात गच्चीचा मांडव झाला. कठड्याला पिवळ्या बल्बांची माळ. कोपऱ्यात कंदिलाच्या आकाराचा, जांभळा उजेड टाकणारा डासमारू दिवा. टीपॉयवर सिट्रोनेलाची मेणबत्ती. आणि मधोमध गावाहून आणलेलं आजीचं दगडी उखळ. त्यात काठोकाठ पाणी, झेंडूची फुलं आणि वर एक तरंगता दिवा. आईने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि "वीजबिल कोण भरणार?" एवढंच विचारून आत गेली.

उद्घाटनाला साडू सहकुटुंब आले. कंदील चट्ट चट्ट वाजत होता आणि दर चट्टला साडूभाऊ "गेला!" म्हणून मांडीवर थाप मारत होते. थोड्या वेळाने कळलं, थाप कौतुकाची नव्हती. जाताना त्यांच्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या होत्या.

सकाळी कंदिलाचा खालचा ट्रे वर्तमानपत्रावर उपडा केला. पतंग, पाकोळ्या, एक भुंगा आणि डास फक्त एक. भिंगातून पाहिला तर मिशा चांगल्या झुपकेदार. म्हणजे नर! चावते ती मादी. हा बिचारा फुलांच्या रसावर जगणारा. मग वाचायला बसलो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या दोघांनी असल्या दिव्यांत मेलेले किडे मोजून १९९६ साली आकडे छापलेत: एकूण १३,७८९, त्यात चावणारे ३१. पिवळ्या माळेचं म्हणाल, तर पिवळ्या उजेडाकडे किडे कमी झेपावतात, इतकंच. तो कुणाला हाकलत नाही. डास येतात ते आपल्या उच्छ्वासावर, अंगाच्या उबेवर आणि घामाच्या वासावर. म्हणजे साडू श्वास घेत होते तोवर इलाज नव्हता.

तरीही एक कोडं उरलंच. आमचे डास संध्याकाळी पाचलाच हजर व्हायचे, माळ लावायच्याही आधी. आणि पायांवर पांढरे पट्टे, म्हणजे डेंग्यूवाले.

कोडं सोडवलं डेंग्यूची तपासणी करत आलेल्या माणसाने. त्याने कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या, त्या कोरड्या होत्या. मग उखळातला झेंडू बोटाने बाजूला सारून टॉर्च मारला. "साहेब, या की इकडे." पाण्यात शेवयांच्या तुकड्यांसारख्या अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लटकत होत्या. टॉर्चचा उजेड पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमचं पाणी उद्घाटनाचं, तीन आठवड्यांपूर्वीचं. आम्ही फक्त फुलं बदलत होतो. डासांचं उखळ अक्षरशः पांढरं झालं होतं, तेही आमच्या आजीचं.

"रोषणाई झकास आहे," तो वहीत लिहिता लिहिता म्हणाला. "बारसं कधी?"

उखळ आम्ही दोघांनी मिळून कलंडवलं. दारात उभ्या असलेल्या आईने "काय उजेड पाडलास!" म्हणून आशीर्वाद दिला.

आता गच्चीवर माळ्यावरचा जुना टेबलफॅन असतो. डास उडण्यात भलताच कच्चा, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. फॅनपुढे मेणबत्तीही टिकत नाही, आणि तो इतका खडखडतो की "सरबत घेणार का?" हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं. परवा भाजीवाल्यापाशी समोरच्या आजींनी बायकोला गाठलंच.

"आरती बंद केलीत वाटतं? आणि हल्ली रोज भांडता का गं?"