तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं
निर्वासित गर्भवतींवरचा एक लेख वाचला. त्यांची दवाखान्यात नावनोंदणी उशिरा होते, एवढंच त्यात आहे. त्याचा खरा फटका गरोदरपणाचे दिवस मोजण्याला बसतो. स्थलांतराच्या धावपळीत शेवटच्या पाळीची तारीख अनेकींच्या लक्षात राहत नाही. पहिल्या १२ आठवड्यांत सोनोग्राफी झाली तर दिवसांच्या अंदाजातला फरक आठवडाभराच्या आतच असतो. २८व्या आठवड्यानंतर तो ३-४ आठवड्यांपर्यंत जातो. मग बाळाची वाढ खुंटली की दिवसच चुकले, हे एका तपासणीत ठरत नाही. २-३ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप घ्यावंच.

आणि दुभाषी म्हणून नवऱ्याला किंवा मुलाला कृपया बसवू नका! मारहाण, आधीचा गर्भपात याबद्दल बाई त्यांच्यासमोर बोलत नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिसचे अहवाल बंद पाकिटात तिच्याच हाती द्या. मुक्काम हलला की दवाखान्यातली फाईल मागेच राहते.