बेनिदॉर्मचा बीच म्हणजे "मोठा बेबी पूल"? जरा थांबा

स्पेनला फॅमिली ट्रिप ठरली की कुणीतरी हमखास सांगतंच: बेनिदॉर्मचा लेवान्ते बीच म्हणजे मोठा बेबी पूल, भूमध्य समुद्राला भरती नाही म्हणजे ओढ नाही, शिवाय ब्लू फ्लॅग हे चांगल्या बीचना मिळणारं मानांकनही आहे, पाण्यात चावणारं काही नाही, पोरांना फ्लोटीवर (हवा भरलेल्या तरंगत्या खेळण्यावर) बसवा नि निवांत पडा.

बीच मस्तच आहे हो, साधारण दोन किलोमीटर बारीक वाळू, उथळ पाणी, लाइफगार्ड, सगळं. पण ही कारणं?

भरती जेमतेम असते हे खरं. आपल्याकडे मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं, तिकडे वीत-दोन वीत. पण ओढ काय फक्त भरतीमुळेच लागते का? वाऱ्याने लाटा उठल्या की किनाऱ्याशी साचलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि जिथे लाटा फुटत नाहीत त्या पट्ट्यातून आत पळतं, आणि गंमत बघा, नेमका तोच पट्टा शांत दिसतो म्हणून लोक तिथेच उतरतात.

ब्लू फ्लॅग पाण्याची स्वच्छता, सोयी, सुरक्षाव्यवस्था बघून सीझनपुरता मिळतो, आज सकाळी समुद्र कसा आहे ते त्याला काय माहीत! त्यासाठी हिरवा, पिवळा, लाल बावटा असतो, तो बघा. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही.

आता फ्लोटी, माझा खरा राग हिच्यावर. बेनिदॉर्मची खाडी दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा सुटला की तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, काठाशी लाट अजिबात नाही, पाणी आरशासारखं, आईबाबा खूश, आणि तो हवा भरलेला फ्लेमिंगो शिडासारखा वारा धरून पोराला घेऊन सरळ आत निघतो. म्हणजे ज्या दिवशी समुद्र सगळ्यात शांत दिसतो त्याच दिवशी फ्लोटी घरी ठेवायची. आणि गेलीच वाहत तर तिच्यामागे पोहत जाऊ नका, वारा तुमच्यापेक्षा फास्ट असतो, लाइफगार्डला हाक मारा.

"चावणारं काही नाही" हे तर सोडूनच द्या. पेलाजिया नावाची जांभळट जेलीफिश भूमध्य समुद्रात सगळीकडे सापडते, चांगलीच भाजते. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, घासू नका, आणि बाटलीतलं गोडं पाणी तर ओतूच नका, कातडीवर राहिलेल्या डंखपेशी त्याने आणखी फुटतात.