पाचवी-आठवीत नापास म्हणजे शाळेतून नाव कमी? नाही!

डिचोलीच्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘पाचवी किंवा आठवीत नापास झालं तर मुलाला शाळेतून काढणार, फेरपरीक्षाही नाही.’ काल तो मीही पुढे पाठवला. चूक माझी. रात्री कायद्याचं कलम वाचलं, म्हणून हे लिहितेय.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यातल्या कलम 16 मध्ये 2019 साली बदल झाला आणि पाचवी-आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा आली. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा द्यायची संधी द्यायची. त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं, तेही सरकारने तशी मुभा दिली तरच. आणि शाळेतून काढणं? आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला काढता येत नाही, हे तिथे स्पष्ट आहे.

डिसेंबर 2024 च्या केंद्राच्या नियमांत तर परीक्षा पाठांतराची नसावी असं म्हटलंय, आणि मागे राहिलेल्या मुलाकडे मुख्याध्यापकांनी स्वतः लक्ष द्यायचं आहे.

वर्गात ठेवणं योग्य की नाही, यावर जरूर वाद घालूया, मलाही शंका आहेत. पण शेजारची पाचवीतली पोर तो मेसेज ऐकून काल रडली. कृपया तो आता कुणालाच पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.