खुलासा : नुसती यूजीसीची मान्यता पुरत नाही

‘विद्यापीठ यूजीसीमान्य आहे ना, मग स्पेशल बी.एड. कुठूनही करा,’ असा मेसेज प्रवेशाच्या दिवसांत फिरतोय. (स्पेशल बी.एड. म्हणजे अपंग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाची पदवी.) कृपया त्यावर विसंबू नका. विशेष शिक्षकाला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदमान्य अभ्यासक्रमावरच मिळते. त्यामुळे फी भरण्याआधी त्याच कॉलेजचं, त्याच अपंगत्व-शाखेचं, त्याच वर्षाचं मान्यतापत्र मागून बघा.

शाखाही विचारपूर्वक निवडा. दृष्टिदोष शाखेत ब्रेल, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी, पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. हात बसायला वेळ लागतो. श्रवणदोषाचं काम अगदी निराळं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ते शिकवतात.