‘जेवढं वजन, तेवढी ओढ’ हे द्राक्षबागेत चालत नाही

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की निफाड-दिंडोरीकडे मोबाइलवर एक सल्ला हमखास फिरतो. मिनी ट्रॅक्टरला पुढे बसतील तेवढे वेट (लोखंडी वजनं) लावा, मागच्या टायरांत पाणी भरा. चाक अजिबात घसरणार नाही, ओढ वाढेल, डिझेल वाचेल आणि ट्रॅक्टर पलटणार नाही. डोळे झाकून हे केलं तर बागेचं नुकसान होतं, आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेततं.

आधी ओढीचं बघू. नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढायची तर मागच्या चाकांवर वजन हवंच, आणि टायरात पाणी भरणं हा त्याचा स्वस्त उपाय आहे. पण बागेत मिनी ट्रॅक्टरमागे बहुतेक वेळ ब्लोअर, म्हणजे टाकी-पंख्याचं फवारणी यंत्र, असतो, नाहीतर माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. रोटाव्हेटरची पाती पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावर, फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. तिथे ओढ कमी पडतेच कुठे?

हायड्रोलिकवर टांगलेल्या ब्लोअरचं गणित मांडून बघा. ट्रॅक्टर ८५० किलोचा धरा, त्यातले ३४० पुढच्या चाकांवर, ५१० मागच्या. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. भरलेल्या टाकीसह ३०० किलोचा ब्लोअर मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे लटकला, की पुढची चाकं २०० किलोंनी हलकी होतात. पुढे उरले १४०, मागे झाले १०१०. म्हणजे मागच्या चाकांवर आधीच जवळजवळ दुप्पट भार आहे, आणि आपण तिथेच आणखी पाणी भरायला निघालोय! खरी अडचण पुढे आहे. स्टिअरिंग नीट लागायला ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान २० टक्के भार पुढे हवा, म्हणजे इथे १७० किलो. पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे ६० किलोचे वेट लावले तर पुढे ८० किलो वाढतात आणि मागचे २० कमी होतात. काम भागलं. फक्त मागची दोन चाकं ओढतात अशा ट्रॅक्टरला पुढच्या वेटने ओढ वाढते हा समजही इथेच खोटा पडतो. फोर बाय फोर असेल तर पुढची चाकंही ओढतात, तिथे थोडा फायदा मिळतो.

‘चाक अजिबात घसरू नये’ हेही चुकीचं. जड कामात मागचं चाक १० ते १५ टक्के घसरायलाच हवं. मागच्या टायरावर चुन्याची खूण करा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर मापा, मग अवजार लावून पुन्हा तेच करा. ४० मीटरच्या जागी ३५ भरले तर घसरण साडेबारा टक्के, वजन बरोबर आहे. ३९ भरले तर वजन जास्त झालंय. मग तो ताण क्लच-गिअरबॉक्सवर जातो, आणि फुकटचं ओझं दिवसभर वाहण्यात डिझेल जळतं ते वेगळंच.

मला सगळ्यात जास्त काळजी जमिनीची वाटते. छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर त्याच ओळीत, त्याच चाकोरीतून, ओल्या काळ्या मातीवर पुन्हा पुन्हा फिरतो. बोदाच्या, म्हणजे वेली लावलेल्या उंच वरंब्याच्या, कडेची माती दाबली जाते, हवा खेळत नाही आणि पांढरी मुळी, म्हणजे अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळं, तिकडे सरकत नाही. पांढरी मुळी चालावी म्हणून ड्रिपमधून महागडी औषधं सोडायची आणि त्याच मुळीवर गरज नसलेलं वजन फिरवायचं, हे कुठलं शहाणपण?

टायरातल्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळा, असंही कोणीतरी त्या मोबाइलवरच्या सल्ल्यात जोडलंय. ते पाणी गोठतं अशा देशांसाठी. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला तरी टायरातलं पाणी गोठत नाही. ट्यूब गळली तर ते मीठ रिम मात्र खातं.

उरलं पलटण्याचं. रुतलेलं वाहन काढताना साखळी टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर अडकवली, तर ट्रॅक्टर तोंड उचलून मागे उलटतो, आणि तेव्हा वेटचा भरवसा धरता येत नाही. साखळी नेहमी खालच्या टोचनलाच, म्हणजे ओढायच्या हुकालाच, लावायची. बांधावरून आडवं चालवताना अर्धी भरलेली टाकी हेलकावे खाते, तेव्हाही पुढचे वेट कामाचे नाहीत. वेग कमी ठेवणं आणि चाकांमधलं अंतर ओळीत मावेल तेवढं रुंद ठेवणं कामाचं.

आणि वेट नाहीत म्हणून बोनेटवर गडी बसवणं आजच बंद करा. ट्रॅक्टरने तोंड उचललं किंवा धक्का बसला, की तो माणूस थेट पुढच्या चाकाखाली जातो. दोरीने बांधलेले दगडही नकोत. कंपनीचे पिनने अडकणारे वेट घ्या, ब्लोअर उतरवला की तेही उतरवून ठेवा.